नऊ चुकलेले फ्री थ्रो

१

सोमवारी, २३ नोव्हेंबर २००९ रोजी, सकाळी सात वाजता धामनटोल्याच्या मैदानावर पूर्वेच्या खांबाला सात नंबरची जर्सी लटकलेली दिसली. तारेने बांधलेली आणि गळ्यापासून खालपर्यंत ब्लेडने फाडलेली. पाठीवर काळ्या ऑइलपेंटने एकच शब्द होता: गद्दार.

सात नंबर भूमेश्वरी रहांगडालेचा. आदल्या दिवशी गोंदियात जिल्हा महिला बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना धामनटोला ४१-४८ असा हरला. भूमेश्वरीला नऊ फ्री थ्रो मिळाले होते. फाउल झाल्यावर रेषेवरून, कोणी अडवायला नसताना मारायचे शॉट. नऊही चुकले. त्याआधीच्या रविवारी घरच्या मैदानावर तिने दहापैकी नऊ टाकले होते.

धामनटोल्याला या मालिकेत कोणी धरलेच नव्हते. गोंदियाचा नवतारा क्लब सहा वर्षे विजेता होता. त्यांचे मैदान सिमेंटचे, खेळाडू पंधरा. धामनटोल्याकडे शेणाने सारवलेले मैदान, दहा मुली आणि जर्सींचा एकच संच. तरी पहिला सामना त्यांनी ५२-४४ असा जिंकला. तीनपैकी दोन जिंकायचे होते. आता १-१ झाले होते आणि तिसरा सामना पुन्हा धामनटोल्यात होता.

गावाला हरणे पचले नाही, विकले जाणे लगेच पटले. सकाळी दहापर्यंत जिल्हा संघटनेकडे लेखी तक्रार गेली. खेळाडूने मुद्दाम सामना घालवला, तिच्यावर कारवाई करा. खाली प्रशिक्षक टिकेश बोपचे यांची सही. आरोप सिद्ध झाला तर तीन वर्षांची बंदी. भूमेश्वरी वीस वर्षांची होती आणि डिसेंबरच्या राज्य शिबिराच्या यादीत तिचे नाव होते. तीन वर्षांनी ती यादी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

चौकशी सुशिलाबाई मेश्राम यांच्याकडे आली. निवृत्त क्रीडाशिक्षिका, वय एकसष्ट, दोन्ही सामन्यांना टेबलावर बसून गुण लिहिणाऱ्या. अहवाल मंगळवारी पाचच्या आत द्यायचा होता.

त्या दुपारी एकच्या बसने धामनटोल्यात उतरल्या. थांब्यावरच्या पानठेल्याजवळून कोणीतरी ओरडले, "चौकशी कायची, मॅडम? पोरीले हाकला अन् चहा पिऊन जा!"

२

भूमेश्वरीचे वडील सुखराम ओसरीत पाठ करून बसले होते, विळ्याला धार लावत. त्यांनी मान वळवली नाही.

"विचारा तिलेच. आमच्याशी बोलून नाही राहिली."

"तुमीच बोलून नाही राहिले," भूमेश्वरी आतून म्हणाली आणि बाहेर आली. डाव्या घोट्याला पट्टी होती.

सुशिलाबाईंनी वही उघडली. "सामन्याआधी पाण्याच्या ड्रमजवळ लोकेंद्र चौहान तुझ्याशी सहा मिनिटं बोलला. नवताराचा कोच. मी पाहिलं. काय म्हणत होता?"

"पुढच्या साली गोंदियाले ये म्हणे. होस्टेल देतो म्हणे."

"तू काय म्हणालीस?"

"आधी तुमाले हरवू द्या म्हटलं."

"आणि मग नऊ चुकवलेस."

भूमेश्वरीने त्यांच्याकडे सरळ पाहिले. "मॅडम, विकली गेली असती तं नऊ कायले चुकवले असते? चार चुकवले असते. तेवढी अक्कल आहे मले."

सुखरामचा विळा दगडावर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"मग काय झालं?"

"मालूम नाही. हात तोच होता, बॉल रोजच्यासारखा. सोडला का वाटे, गेलाच. अन् पुढच्या कडीले लागून परत येई. नऊच्या नऊ." तिने ओठ चावला. "जर्सी कोणं फाडली ते तं सांगा."

"ती कोणाकडे होती?"

"माझ्याकडे नोहती. सामना झाला का सगळ्या जर्सी जमा. सरांच्या पोत्यात."

सुशिलाबाईंनी ते वाक्य लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

३

लोकेंद्र चौहान फोनवर चिडलेला होता.

"मॅडम, देखो, त्या लडकीला मी माझ्या टीममध्ये बुलाऊन राहिलो. मीच तिला बदनाम कायला करू? तीन साल बंदी लागली तर मेरे किस काम की?"

"तुमच्या मैदानावर काही बदल केला होता?"

"आपने खुद टेप लावला ना संडेला! आणि पहिल्या मॅचचं पण लिहा मग. आमच्या पोरी तिथे काय मारून राहिल्या होत्या? सगळे बॉल मागे लागून बाहेर. गोबर की जमीन, बाजूला भैंस बांधली. हमने शिकायत की क्या? हरलो, चूप बसलो."

फोन ठेवल्यावर सुशिलाबाई कर्णधार ओमेश्वरी पटलेच्या घरी गेल्या. ओमेश्वरी दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"ती विकली गेली, असं तुला वाटतं?"

"वाटते कायले? दिसलं. आम्ही धावून धावून मेलो अन् ही रेषेवर उभी राहून रिकामी परत ये. तिले पहिलेपासूनच आम्ही गावठी वाटतो."

"पण तुम्ही सगळ्याच पहिल्या अर्ध्यात चुकत होता. चौदा गुण झाले फक्त. नंतर सत्तावीस झाले. ते कसे?"

"हाफ टाइमले सरांनी सांगतलं. चार बोटं वर मारा म्हणे." तिने आडवी चार बोटे डोळ्यांसमोर धरून दाखवली. "असं. आम्ही मारले, मंग जायला लागले."

"भूमेश्वरीला सांगितलं?"

"ती तवा बाहेर होती, पाय बांधून घेऊन राहिली होती. नंतर कोणं सांगावं? सांगून बी ऐकती थोडी."

सुशिलाबाईंनी पुन्हा विचारले, "थोडं वर म्हणाले, का चार बोटं म्हणाले?"

"चार बोटं," ओमेश्वरी म्हणाली. "आम्ही बहिऱ्या आहो का?"

४

टेबलावर बसणाऱ्या माणसाने गुण लिहायचे असतात. चुकलेला शॉट कुठे लागला हे लिहायची सक्ती नसते. सुशिलाबाई लिहीत. बत्तीस वर्षे मुलींना शिकवताना लागलेली सवय. पुढच्या कडीला लागला तर 'पु', मागे लागला तर 'मा'.

सोमवारी संध्याकाळी अर्जुनीला भाचीच्या घरी त्यांनी दोन्ही सामन्यांची पाने शेजारी ठेवली. गोंदियात धामनटोल्याचे तेहतीस शॉट चुकले, त्यातले सत्तावीस 'पु'. आणि धामनटोल्यात नवताराचे छत्तीस चुकले, त्यातले अठ्ठावीस 'मा'.

मुद्दाम चुकवणारी मुलगी एकदा डावीकडे मारते, एकदा उजवीकडे, एखादा टाकूनही देते. नऊ वेळा एकाच जागी चुकणे हे ठरवून जमत नाही. ज्याला ते जमते तो नऊच्या नऊ आतही टाकू शकतो. शिवाय एक मुलगी फितूर होईल, दहाच्या दहा होणार नाहीत. आणि समोरच्या संघाने आठ दिवस आधी नेमके उलट्या बाजूला चुकायचे काही कारण नव्हते.

म्हणजे दोष हातांचा नव्हता. दोन मैदाने एकसारखी नव्हती.

गोंदियाची रिंग त्यांनी स्वतः मोजली होती. तीन मीटर पाच सेंटीमीटर, नियमाप्रमाणे. धामनटोल्याची मोजली नव्हती. तिथे टिकेश बोपचे यांनी मैदानाचा दाखला भरून ठेवलेला होता: रिंगची उंची ३.०५. खाली त्यांची सही. त्याखाली, पाहिले म्हणून, सुशिलाबाईंची.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी धामनटोल्याच्या पूर्वेच्या खांबाला शिडी लावली आणि स्टीलची टेप सोडली. दोन मीटर सत्त्याण्णव. मग पश्चिमेचा खांब. तिथेही तेवढेच.

दोन्ही रिंगा आठ सेंटीमीटरने खाली होत्या. सुशिलाबाईंनी आपली चार बोटे टेपवर आडवी ठेवून पाहिली. जवळजवळ तेवढेच भरले.

त्या शिडीवरून उतरल्या तेव्हा खाली बारा-पंधरा माणसे जमली होती आणि त्यांच्यापुढे काठी घेऊन ग्यानीराम पटले उभा होता.

५

ग्यानीराम ओमेश्वरीचा मोठा काका. मैदानाला लागून त्याची सात एकर धानाची जमीन. मुलींनी चड्ड्या घालून खेळावे हे त्याला सहा वर्षांत एकदाही पटलेले नव्हते.

"काय मोजून राहिल्या, बाई?"

"रिंग खाली आहे. कोणी उतरवली?"

"कोण उतरवन? वेल्डिंग केली आहे ते. चढून पाहा ना."

सुशिलाबाईंनी पाहिलेलेच होते. वेल्डिंगवरून खांबापर्यंत जुन्या निळ्या रंगाचा सलग थर होता, एकही चीर नाही. रिंग हलली नव्हती.

"खांब खचला असेल."

"खचते कायले? सिमेंटात गाडला, माझ्यासमोर. दोन हजार तीनच्या जूनमंदी." ग्यानीरामने खांबावर थाप मारली. "माझ्या दावणीले सहा बैल राहते. सहा बैल ओढते तरी हालत नाही हा."

"दावणीला?"

"मंग! खळ्यामंदी मेढ लागते का नाही? मधात खांब, त्याले दोर, अन् बैल गोल गोल फिरते धानावर. लाकडाची मेढ दर दोन सालानं सडे. शाळेनं लोखंडाची गाडून देली, म्हटलं बरं झालं. हा माझा, तो तिकडचा मनिरामचा."

जमलेल्यांपैकी कोणीतरी हसले. ग्यानीराम मात्र गंभीर होता. पोरींचे मैदान हे वर्षातून दोनदा त्याचे खळे असते, की त्याचे खळे उरलेल्या दिवसांत पोरींचे मैदान असते, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"खळं करताना काय करता?"

"काय करते सगळे? माती टाकतो, पाणी मारतो, धुम्मसानं ठोकतो, वरून शेणानं सारवतो."

"जुना थर काढता?"

"काढन कोण? पक्का झालेला थर काढते का कोणी?"

"वर्षातून किती वेळा?"

"दोनदा. इटियाडोह धरणाचं पाणी आहे आमच्याकडे, उन्हाळी धान बी होते. दिवाळीनंतरचं खळं उद्या घालतो. गाड्या येऊन राहिल्या, त्यायले सांगा बाजूला खेळा म्हणून."

सुशिलाबाईंनी कुदळ मागितली. कोणी दिली नाही. शाळेच्या बागेतून त्यांनी स्वतः खुरपे आणले आणि खांबाच्या बुडाशी गुडघ्यांवर बसून कापायला सुरुवात केली. वीतभर रुंद काप घेतला. कापलेल्या बाजूला थर स्पष्ट दिसत होते: मातीचा एक पट्टा, वर शेणाची काळपट रेघ, पुन्हा माती, पुन्हा रेघ. बोट ठेवून त्यांनी मोजले. बारा. बाराव्याखाली सिमेंटचा चबुतरा लागला.

२००३च्या दिवाळीनंतरचे खळे पहिले, २००९च्या मे महिन्यातले बारावे. वरपासून चबुतऱ्यापर्यंत टेप लावली. आठ सेंटीमीटर.

रिंग कोणी उतरवली नव्हती. जमीन वर आली होती. दोन्ही टोकांना, फ्री थ्रोच्या रेषेच्याही पुढे. या मैदानावर शिकलेल्या मुलींचे हात सहा वर्षे चार बोटांनी कमी उंचीवर तयार झाले होते आणि गोंदियाच्या मुलींना इथे प्रत्येक बॉल लांब जात होता.

जमलेल्यांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा हसू बंद झाले.

"म्हणजे पहिली मॅच?" मागून कोणी विचारले.

सुशिलाबाईंनी टेप गुंडाळली.

"मॅडम," ग्यानीराम हळू आवाजात म्हणाला, "खड्डा बुजवा. अन् बसनं जा."

६

टिकेश बोपचे तीन वाजता शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत भेटले. छत्तीस वर्षांचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. कोपऱ्यात जर्सींचे पोते होते.

"मला सगळं कळलं," ते आधीच म्हणाले. "गावकऱ्यांचं अज्ञान, मॅडम. मला कल्पनाच नव्हती."

"हाफ टाइमला मुलींना काय सांगितलं?"

"वर मारा म्हटलं. बॉल कमी पडत होते."

"किती वर?"

त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

"बॉल कमी पडताना दिसले तर कोणीही 'थोडं वर' म्हणेल," सुशिलाबाई म्हणाल्या. "चार बोटं हा अंदाज नाही, बोपचे. ते माप आहे. ते माहीत असायला इथल्या रिंगला टेप लावावी लागते. दाखला भरताना तुम्ही लावली, आठ सेंटीमीटर कमी आले, आणि तुम्ही ३.०५ लिहिलं."

"चार बोटं बोलण्यात येतं, मॅडम. गावात असंच बोलतात."

"येतं. मग दुसरं सांगा. सामन्यानंतर जर्सी तुमच्या पोत्यात होत्या. खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

टिकेशने पोत्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून बसला आणि बोलताना त्याचा सभ्य सूर गेला.

"माझ्याकडे. मंग? काय करायला पाहिजे होतं? दाखल्यात खरं लिहिलं असतं तं खळं खोदा म्हटलं असतं तुम्ही. ग्यानीराम खोदू देणार होता? मैदानच गेलं असतं. सहा साल घासून राहिलो मी या पोरींवर. जिंकलो असतो तं जिल्हा संघ मिळाला असता मले."

"आणि भूमेश्वरी?"

"गोंदियात सगळे विचारायला लागले, घरी एवढे बॉल जातात, इथं काऊन नाही? लोकेंद्र मूर्ख नाही. आज ना उद्या त्यानं टेप आणली असती. लोकायले कारण पाहिजे होतं. तिचे नऊ चुकले होते. कारण तयार होतं. एक पोरगी गेली असती, मालिका राहिली असती."

"ती तुमचीच खेळाडू आहे."

"म्हणूनच तं कोणाले शंका नाही आली."

सुशिलाबाई उठल्या. दारात टिकेश मागून म्हणाला, "दाखल्यावर तुमचीबी सही आहे, मॅडम. ते लिहान का अहवालात?"

७

अहवाल पावणेपाचला त्यांनी शाळेच्या ओट्यावर उभे राहून वाचला. संघटनेच्या सचिवांना फोनवर आधीच सांगून, त्यांची मंजुरी घेऊन. पान दीडच होते.

भूमेश्वरी रहांगडाले निर्दोष. टिकेश बोपचे यांनी मैदानाचा खोटा दाखला दिला व खेळाडूची बदनामी केली, त्यांना संघापासून दूर करावे. न मोजता दाखल्यावर सही करणाऱ्या टेबल अधिकारी सुशिला मेश्राम यांना उरलेल्या सामन्यांचे काम देऊ नये. नियमबाह्य रिंगवर झालेला पहिला सामना रद्द. नवतारा १-० ने पुढे. उरलेले दोन्ही सामने शनिवारी व रविवारी धामनटोल्यात होतील आणि धामनटोल्याला दोन्ही जिंकावे लागतील. रिंग वेल्ड केलेली असल्याने जमीन मूळ पातळीवर आणावी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उंची नियमात नसेल तर विजेतेपद नवताराचे.

ओट्यासमोर शंभरेक माणसे होती. एकानेही भूमेश्वरीकडे पाहून काही चांगले म्हटले नाही.

"मिळालं का नाव परत?" ग्यानीराम तिला म्हणाला. "जिंकलेली मॅच गेली गावाची, तुझ्यापायी."

"जिंकली नोहती, बाबाजी. तुमच्या शेणानं जिंकली होती."

"तोंड पाहा पोरीचं!"

"दोन जिंका म्हणे नवताराशी," मागून कोणी कुचकट हसले. "तेही नव्या उंचीवर. चार दिवसांत."

गर्दी पांगू लागली. सुखराम उठले, मुलीजवळून गेले. क्षणभर थांबले, मग पुढे गेले.

नऊ मुली शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. भूमेश्वरी लंगडत त्यांच्यासमोर गेली.

"सर गेले," ओमेश्वरी म्हणाली. नजर जमिनीवर होती. "आता काय करायचं?"

"तू कॅप्टन आहेस. मले कायले विचारून राहिली?"

"नऊ जणीनं होत नाही. तू खेळशील का नाही ते सांग."

"सांगतो. पहिले मले गद्दार कोण कोण म्हटलं, त्यायनी हात वर करा. खोटं नोको. मले सगळं ऐकू आलं आहे."

कोणी हलले नाही. मग ओमेश्वरीने हात वर केला. तिच्या शेजारच्या चंदाने केला. एकेक करत नऊ हात वर गेले. शेवटचा हात वर करणारी प्रेमिला रडत होती.

भूमेश्वरीने सगळे हात मोजून घेतले.

"माफी नोको मले तुमची," ती म्हणाली. "शाळेमंदी तीन फावडे आहेत, दोन कुदळी. बाकीच्या घरून आणा. पूर्वेकडून सुरू करू."

अर्ध्या तासाने मैदानावर दहा मुली खणत होत्या. बारा थर कोरड्या भाकरीसारखे तुटत होते. वाटेवर धानाने भरलेल्या दोन बैलबंड्या येऊन उभ्या राहिल्या आणि ग्यानीराम बैलांच्या पुढे चालत खळ्याच्या कडेपर्यंत आला.

"ओमे! घरी चाल! उद्याचं खळं आहे माझं, बंद करा हे!"

ओमेश्वरीने काकाकडे पाहिले, मग भूमेश्वरीकडे. भूमेश्वरीने मान वर केली नाही. तिची कुदळ पडत होती.

ग्यानीरामने कासरा खेचला आणि बैल एक पाऊल आत आले. मुलींपैकी एकही बाजूला झाली नाही. बैल थांबले.